पक्ष्यांविषयी वाचकांचे प्रश्न : मॉरिशस आणि त्याची दोन भावंडं

मागच्या अंकात निकोबारच्या कबुतराबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं : डोडोचं आज जिवंत असलेलं सर्वांत जवळचं नातेवाईक म्हणजे हे कबूतर. त्या एका वाक्यावर पत्रांचा पाऊस पडला. जवळजवळ प्रत्येक पत्रात मॉरिशस होतं, आणि काहींत शेजारची रियुनियन आणि रॉड्रिग्ज ही बेटंही. हिंदी महासागरातल्या या तीन बेटांना मिळून मस्कारेन बेटं म्हणतात. माझी धाकटी बहीण लग्न होऊन मॉरिशसला गेली, त्यामुळे त्या बेटावर मी राहिले आहे, हिंडले आहे, आणि त्या पक्ष्यांवर माझा जीव आहे. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून फक्त हेच घेतले आहेत.

प्रश्न : डिसेंबरात आम्ही उभयता मॉरिशसला जाणार आहोत. तिथल्या पक्ष्यांची यादी पाहिली तर मूळचे पक्षी अगदीच थोडे निघाले. आपल्या हिप्परग्याच्या तलावावर हिवाळ्यात एका सकाळी याहून जास्त दिसतात. एवढ्या हिरव्या बेटावर पक्षी इतके कमी का?
(एक निवृत्त बँक अधिकारी, जुळे सोलापूर)

तुम्ही यादी बरोबर वाचलीत. जमिनीवर राहणारे, मूळ तिथलेच असे पक्षी मॉरिशसवर आज बोटांवर मोजता येतात. पण कारण समजून घ्यायला पक्ष्यांआधी दगडाकडे बघावं लागतं, आणि तो दगड आपल्या ओळखीचा आहे.

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याचा काळा दगड म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त जागेवरून भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत होता. तेव्हा लाव्हाचे थरांवर थर साचले आणि आपलं पठार तयार झालं. भूखंड पुढे सरकला, ती तप्त जागा मागे राहिली आणि समुद्राच्या तळातून वर येत राहिली. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस यांच्या प्रवाळाखाली याच ज्वालामुखींची रांग आहे. रांगेच्या दक्षिण टोकाला सुमारे 80 लाख वर्षांचं मॉरिशस आहे, आणि त्याहून खूप तरुण रियुनियन आहे. तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही दर काही महिन्यांनी उफाळतो. म्हणजे आपलं माळरान आणि मॉरिशस ही एकाच भट्टीतली भांडी आहेत, फक्त आपलं फार आधी बाहेर निघालं.

यातली पक्ष्यांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की ही बेटं कधीही कुठल्या खंडाला जोडलेली नव्हती. समुद्रातून वर आली तेव्हा त्यांच्यावर गवताचं पातंही नव्हतं. जे आलं ते समुद्र ओलांडून आलं, आणि मादागास्कर मॉरिशसपासून आठशे-नऊशे किलोमीटरवर आहे. वादळात भरकटलेलं एखादं पाखरू पोचलं तरी एकटं पोचून भागत नाही. जोडी हवी, खायला हवं, पिल्लं जगायला हवीत. लाखो वर्षांत ही लॉटरी थोड्यांनाच लागली.

त्यात आकार लहान. मॉरिशस 1,865 चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या जिल्ह्याचा आठवा भाग. रियुनियन 2,512 चौरस किलोमीटर. रॉड्रिग्ज तर 108, आपल्या महापालिकेच्या हद्दीहूनही लहान. लहान बेटावर प्रत्येक प्रजातीची संख्या थोडी असते, आणि एका वाईट चक्रीवादळात ती संपू शकते.

आणि काका, तुम्ही पाहिलेली यादी अर्धीच आहे, हे मला या सदरातल्या सगळ्यांना सांगायचं आहे. बेटावर आज काय आहे एवढंच ती सांगते. डच लोक 1598 मध्ये उतरले तेव्हा मॉरिशसवर डोडो होता, मोठ्या चोचीचा पोपट होता, निळं कबूतर होतं, न उडणारी लाल पाणकोंबडी होती. यांपैकी एकही उरलेलं नाही. चांगल्या स्थितीतलं मूळ जंगल आज मॉरिशसवर दोन टक्क्यांहूनही कमी आहे, बाकी सगळीकडे ऊस. अकलूज-माळशिरसकडच्या माणसाला तिथे परकं वाटणार नाही, इतका ऊस.

आता तुमच्या सहलीचं. माहेबूरजवळ किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर इल ओ एग्रेत नावाचं 26 हेक्टरांचं प्रवाळबेट आहे. ते मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन सांभाळतं आणि मार्गदर्शकाबरोबरच फिरवतं. एक अर्धा दिवस तिथे द्याच. गुलाबी कबूतर आणि मॉरिशसची फोडी तिथे जवळून दिसतात. फोडी म्हणजे आपल्या सुगरणीच्या कुळातलं पाखरू, विणीच्या दिवसांत नराचं डोकं लाल होतं. दुसरा दिवस ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानाला. तिथल्या दरीवर लांब शेपटीचे पांढरे समुद्रपक्षी तरंगताना दिसतील. एअर मॉरिशसच्या विमानाच्या शेपटीवर तोच पक्षी रंगवलेला आहे, काकूंना विमानतळावरच दाखवा.

प्रश्न : मॉरिशस आणि रियुनियन यांच्यात दोनशे किलोमीटरसुद्धा अंतर नाही. पक्ष्याला ते एका दिवसाचं काम. मग दोन्ही बेटांवरचे पक्षी वेगवेगळे कसे?
(एम. एस्सी. प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, सोलापूर)

बाळ, इतका नेमका प्रश्न विचारलास की वाचून आनंद झाला.

आधी सगळेच वेगळे नाहीत, हे लक्षात घे. गुहेत घरटी करणारी मस्कारेन पाकोळी मॉरिशस आणि रियुनियन दोन्हीकडे आहे, रॉड्रिग्जवर नाही. तिथला स्वर्गीय नर्तकही या दोन बेटांवरच. जे दिवसभर पंखांवर असतात त्यांना समुद्र आडवा येत नाही, असं पाकोळीवरून वाटतं. पण नर्तक तर जंगलातलं पाखरू. त्यामुळे नियम इतका सरळ नाही.

उडता येणं आणि उडून जाणं यांत अंतर आहे. दाट जंगलात पिढ्यान् पिढ्या राहिलेलं पाखरू पाण्यावर निघतच नाही. त्याला तसं करायचं कारण नसतं, आणि ज्यांनी केलं त्यातले बहुतेक परतले नाहीत. म्हणून कधीतरी अपघाताने पोचलेल्यांचे वंशज त्या त्या बेटावर आपापल्या वाटेने बदलत गेले. जोड्या लावून बघ : मॉरिशसचा बुलबुल वेगळा, रियुनियनचा वेगळा. कुकूश्राइक दोन्हीकडे आहे, पण दोन प्रजातींचा. हिरवट चष्मेवालाही दोन. फोडी मॉरिशसची एक, रॉड्रिग्जची एक, आणि रियुनियनची होती ती संपली. डोडो मॉरिशसवर, तर त्याचा भाऊबंद सॉलिटेअर रॉड्रिग्जवर. छोटा ससाणा मॉरिशसवर आहे, रियुनियनवरचा नामशेष झाला. एकेका बेटाने एकेका पाहुण्याला आपलंसं केलं आणि मग दार लावून घेतलं.

माझं सगळ्यांत लाडकं उदाहरण मात्र दोन बेटांचं नाही, एकाच बेटाच्या आतलं आहे. रियुनियनचा करडा चष्मेवाला. मूठभर जीव, पण त्या एका बेटावर त्याची चार वेगवेगळी रूपं आहेत. डोंगरावर करडी, खाली तपकिरी, त्यातही कुणाचं डोकं करडं तर कुणाचं तपकिरी. या रूपांच्या सीमा नद्यांची पात्रं आणि लाव्हाचे पट्टे यांच्याशी जुळतात. काही किलोमीटर चाललं की रंग बदलतो. चिमुकल्या पाखराला एक नदी ओलांडाविशी वाटत नाही, मग समुद्राचं काय घेऊन बसलीस! संशोधकांनी या पाखरावर पुष्कळ जनुकीय काम केलं आहे. प्रबंधासाठी विषय शोधत असशील तर ते वाचून काढ.

रियुनियनची उंचीही ध्यानात घे. मॉरिशसचं सर्वांत उंच शिखर 828 मीटर, तर रियुनियनचं पितों दे नेझ तीन हजार मीटरच्या वर. उंचीगणिक हवा बदलते, झाडं बदलतात, पक्षी बदलतात. तिथला गप्पीदास झुडपांत, डोंगरी मोकळवनात आहे. मॉरिशसवर गप्पीदास नाहीच. बॅरोचा पेट्रेल हा समुद्रपक्षी दोन हजार मीटरच्या वर, कड्यांमध्ये घरटं करतो आणि जगात फक्त रियुनियनवर. त्याची पिल्लं एप्रिलच्या सुमाराला रात्री पहिल्यांदा समुद्राकडे झेप घेतात आणि गावांच्या दिव्यांनी भुलून रस्त्यावर पडतात. म्हणून त्या दिवसांत तिथे गावोगावी दिवे मालवण्याची मोहीम चालते, आणि पडलेली पिल्लं गोळा करून लोक पुन्हा सोडतात. रियुनियनचा भोवत्या हा तिथला एकमेव शिकारी पक्षी. नान्नजला हिवाळ्यात संध्याकाळी गवतात उतरणारे भोवते तू पाहिले असशील, त्यांचाच बेटावर स्थायिक झालेला नातलग. आणि रियुनियनचा कुकूश्राइक बेटाच्या उत्तरेकडच्या एका डोंगरावरच उरला आहे. उंदीर आणि मांजरं आवरली म्हणून टिकला.

पूर्वज आले कुठून, असं तू पुढे विचारशीलच. आफ्रिका-मादागास्कर जवळ, म्हणून सगळे तिकडचे असावेत असं वाटतं. तसं नाही. तिथले बुलबुल आशियाई कुळातले, पाकोळी आशियाई, डोडोचं घराणं आग्नेय आशियाकडचं, आणि तिथला मूळ पोपट आपल्या पोपटाचा सख्खा नातेवाईक. हिमयुगांत समुद्राची पातळी शंभर मीटरहून जास्त खाली गेली होती. तेव्हा भारत आणि मस्कारेन यांच्यामधले आज बुडालेले उथळ भाग बेटं म्हणून वर होते, आणि त्यांच्या आधाराने पक्षी टप्प्याटप्प्याने आले असावेत, असं अभ्यासक मांडतात. वर सांगितलेली ज्वालामुखींची रांग आठव. लाव्हाने घेतलेल्या वाटेनेच पुढे पाखरं गेली, हा विचार मला विलक्षण वाटतो.

प्रश्न : डोडो भारतात आला होता असं कुणीतरी सांगितलं. खरं आहे का?
(वाचक, अक्कलकोट)

खरं आहे. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने 1628 नंतरच्या वर्षांत सुरतेत दोन डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. त्याच सुमाराचं एक मुघल चित्र आहे, उस्ताद मन्सूरचं मानलं जातं, त्यात इतर पक्ष्यांबरोबर मधोमध डोडो आहे. ते चित्र आज रशियात सेंट पीटर्सबर्गला आहे. डोडोची जी थोडी चित्रं उरली त्यांत याला अभ्यासक फार मान देतात, कारण चित्रकाराने बाकीचे पक्षी इतके अचूक काढले आहेत की डोडोही पाहूनच काढला असणार. युरोपातल्या चित्रांत दिसणारा गलेलठ्ठ डोडो यात नाही. डोडो शेवटचा दिसल्याची सर्वमान्य नोंद 1662 ची. माणूस वस्तीला आल्यावर शंभर वर्षंही तो टिकला नाही. शिकारीपेक्षा जहाजांतून उतरलेले उंदीर, डुकरं आणि माकडं त्याला भोवली. जमिनीवर एकच अंडं घालणारा पक्षी होता तो.

प्रश्न : आमच्या सरांनी सांगितलं की डोडो मेल्यामुळे मॉरिशसमधलं एक झाड पण मरायला लागलं. ते झाड अजून आहे का?
(इयत्ता आठवी, मंगळवेढा)

आहे रे बाळा, आहे! त्याचं नाव तांबलाकोक. सरांनी सांगितलेली गोष्ट खूप प्रसिद्ध आहे. 1977 मध्ये स्टॅन्ली टेंपल या शास्त्रज्ञाने ती मांडली. त्याचं म्हणणं, या झाडाची कठीण बी डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय रुजत नाही, म्हणून तीनशे वर्षांत एकही नवं झाड आलं नाही. त्याने टर्की पक्ष्यांना बिया खायला घालून पाहिल्या आणि थोड्या रुजल्याही.

पण विज्ञानात गोष्ट कितीही सुंदर असली तरी तपासतात. तपासल्यावर दिसलं की तीनशे वर्षांपेक्षा तरुण झाडं आहेत, आणि बी कुणाच्या पोटात न जाताही रुजू शकते. झाड दुर्मीळ झालंय ते जंगल तोडल्यामुळे, माकडांमुळे आणि बाहेरून आलेल्या झाडाझुडपांनी रोपांची जागा बळकावल्यामुळे. हे सरांनाही दाखव, त्यांना आवडेल. आणखी एक सांगते. डोडोची हाडं मॉरिशसच्या एका दलदलीत 1865 मध्ये सापडली, ती शोधणारा जॉर्ज क्लार्क शाळामास्तर होता. जगातल्या संग्रहालयांत डोडोचे जे सांगाडे आहेत, त्यातले बरेचसे त्या दलदलीतल्या हाडांचे आहेत.

(रियुनियनवर पांढरा डोडो होता का, असं बार्शीच्या एका वाचकांनी विचारलंय. नव्हता. प्रवाशांनी वर्णन केलेला तो पक्षी आयबिस, म्हणजे आपल्या शराटीच्या कुळातला होता, हे सापडलेल्या हाडांवरून कळलं.)

प्रश्न : ताई, मुलाकडे मॉरिशसला गेले होते. अंगणात साळुंक्या, पोपट, बुलबुल, अगदी आपल्याकडच्यासारखे! माहेरचं माणूस भेटावं तसं झालं. ते तिथलेच की आपल्याकडून गेले?
(एक भगिनी, पंढरपूर)

तुमचा आनंद मी समजू शकते. ज्या देशात गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि शाळेत मराठी शिकवतात, तिथे साळुंकीही भेटली की परकेपणा उरत नाही. पण ताई, हे सगळे आपल्याकडून नेलेले. साळुंकी अठराव्या शतकात टोळधाड आवरायला नेली. नारद बुलबुल मॉरिशसला 1892 मध्ये आला. आपला पोपट 1886 च्या सुमाराला तिथे मोकळा झाला. कावळाही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोचला.

इथे त्यांच्याबद्दल मला माया आहे आणि तिथे त्यांच्यामुळे काळजी वाटते, दोन्ही एकाच वेळी. तिथला मूळचा पोपट म्हणजे एको पोपट. आपल्या पोपटासारखाच हिरवा, थोडा दणकट, शेपूट आखूड. तो जुन्या झाडांच्या ढोलीत घरटं करतो, आणि जुनी झाडं संपत आलेली. आपला पोपटही ढोलीच शोधतो. शिवाय चोच आणि पिसं झडवणारा एक विषाणूजन्य रोग दोघांमध्ये फिरतो. 1980 च्या दशकात एको पोपट दहा-बारा उरले होते. लाकडी पेट्यांची घरटी, खाद्य, पिल्लांची देखभाल, हे सगळं वर्षानुवर्षं केल्यावर आज ते सातशेच्या पुढे गेले आहेत.

पिंजऱ्यातला पक्षी सोडून देणं पुण्याचं, असं आपल्याकडे मानतात. पण भलत्या जागी सोडलेलं पाखरू दुसऱ्या कुणाचं घर घेतं. आपल्या देशात तर देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणंच कायद्याने गुन्हा आहे. कुणाकडे असेल तर स्वतः उडवून न देता वनविभागाला कळवा.

प्रश्न : मॉरिशसचा ससाणा चारावरून शेकड्यांवर आला असं वाचलं. आमच्या नान्नजचा माळढोक डोळ्यांदेखत गेला. त्यांना जमलं ते आपल्याला का जमलं नाही?
(प्राथमिक शिक्षक, उत्तर सोलापूर तालुका)

गुरुजी, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं.

आधी ससाण्याचं सांगते. आपल्या माळावर हिवाळ्यात हवेत एका जागी पंख मारत थांबते त्या खरूचीचा तो भाऊबंद, पण जंगलातला, पालींवर जगणारा. जंगलतोड आणि मलेरियासाठी फवारलेलं डीडीटी यांनी त्याला संपवत आणलं. 1974 मध्ये रानात फक्त चार उरल्याची नोंद आहे, आणि त्यांत अंडी घालणारी मादी एकच. अनेकांनी आशा सोडली होती. कार्ल जोन्स हा तरुण 1979 मध्ये तिथे गेला. त्याने पहिली अंडी काढून घेऊन उबवणी यंत्रात ठेवली, म्हणजे मादी पुन्हा अंडी घालते. रानातल्या जोड्यांना वरून खाद्य दिलं, पेट्यांची घरटी लावली, वाढवलेली पिल्लं सोडली. वीस वर्षांत शेकडो झाले. गुलाबी कबूतर 1990 च्या आसपास रानात दहाएक उरलं होतं, तेही शेकड्यांवर आलं. रॉड्रिग्जची फोडी 1968 मध्ये पाच-सहा जोड्यांवर होती, आज हजारोंनी आहे. त्यासाठी तिथे जंगल राखलं, पुन्हा लावलं.

पण हे एकदा करून सुटका झाली असंही नाही. ससाण्याची संख्या पुढे घटली आणि 2014 मध्ये त्याला पुन्हा संकटग्रस्त यादीत वरच्या धोक्यात टाकावं लागलं. माणूस मागे हटला की आकडा खाली येतो.

आता माळढोक. ससाणा पहिल्याच वर्षी वयात येतो, तीनेक अंडी घालतो, गेली तर परत घालतो. माळढोक मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, आणि वयात यायला तिला कितीतरी अधिक वर्षं लागतात. ससाण्याला एका दरीची राखण पुरली, माळढोकाला मैलोन्‌मैल मोकळा माळ हवा. आपलं अभयारण्य 1979 मध्ये झालं तेव्हा 8,496 चौरस किलोमीटरचं होतं, कागदावर साडेचार मॉरिशस. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं. लोकांची गैरसोय झाली, राग माळढोकावर निघाला, आणि पुढे ते क्षेत्र बरंच कमी करावं लागलं. प्रत्यक्ष गवताळ माळ तर तुकड्यातुकड्यांत उरला आहे, भोवती ऊस, विहिरी, विजेच्या तारा. समुद्र नसला तरी त्या तुकड्यांवर बेटाचेच नियम चालतात. लहान, एकमेकांपासून तुटलेले, आणि एकदा पक्षी गेला की शेजारून नवा यायला वाट नाही. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, जड शरीर चटकन वळत नाही, म्हणून तारा त्याला मारतात.

जमणारच नाही, असं मात्र मी मानत नाही. राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यात सम आणि रामदेवरा इथे 2019 पासून माळढोकाची अंडी आणून पिल्लं वाढवतात. ऑक्टोबर 2024 मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. जोन्सच्या वाटेवरची ही पहिली पावलं आहेत. ससाण्याला सोडायला मॉरिशसमध्ये थोडं तरी जंगल शिल्लक होतं. उद्या माळढोक सोडायची वेळ आली तर सोडायला माळ हवा, आणि तो राखणं इथल्या माणसांच्या हातात आहे.

तुम्ही शाळेसाठी काय करू असं विचारलंत, म्हणून नेमकं सांगते. मुलांना पावसाळ्यानंतर गवत कंबरेपर्यंत येतं तेव्हा माळावर न्या. भोवते, धाविक, चंडोल, काळवीट दाखवा. गावात भटक्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण होईल असं बघा, कारण जमिनीवरची अंडी तीच खातात. आणि पुढच्या जूनमध्ये कुणी नान्नजच्या माळावर वृक्षारोपणाला निघालं तर हात जोडून थांबवा. गवताळ माळावर झाडं आली की माळाचे पक्षी ती जागा सोडतात. ती रोपं शाळेच्या आवारात आणि गावाच्या रस्त्याकडेला लावा, खड्डे खणायला मी येईन.